४० रुपयांचा बोल्ट, ४१ हजारांचं भोक

आधीच सांगून ठेवतो, आजचा शनिवारचा लेख चिडून लिहिलेला आहे. मागच्या वेळी डेटाबेसच्या इंडेक्सवर लिहीन असं कबूल केलं होतं, ते पुढच्या शनिवारी. आज बोल्ट.

झालं असं की सासऱ्यांची गाडी आमच्याकडे आली. २०१२ सालची पेट्रोल हॅचबॅक, सगळं आयुष्य रत्नागिरीत काढलेली, तेही समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. सासऱ्यांचे डोळे अधू झाले, त्यांनी चालवणं सोडलं आणि "विकू नका हो, तुम्ही वापरा" म्हणून किल्ली माझ्या हातात ठेवली. गाडी उत्तम. फक्त सुरू केली की आवाज ट्रॅक्टरचा. आमच्या कोथरूडच्या सोसायटीत सकाळी सातला ती सुरू केली की वरच्या मजल्यांवरच्या खिडक्या पटापट उघडायच्या.

कारण अगदी साधं होतं. इंजिनाला मॅनिफोल्ड, त्यालाच जोडलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि तिथून मागे जाणारा सायलेन्सरचा पाइप. कन्व्हर्टर आणि पाइप यांच्या सांध्यात मेदूवड्याच्या आकाराची एक गॅस्केट रिंग असते आणि तो सांधा स्प्रिंग घातलेल्या दोन बोल्टांनी दाबून धरलेला असतो. रिंग झिजली होती, तिथून धूर बाहेर पडत होता. दोन बोल्ट काढा, रिंग बदला, बोल्ट लावा. अर्ध्या तासाचं काम.

गाडी अधिकृत सर्व्हिस सेंटरला नेली. (नाव लिहीत नाही. कुठलंही घाला, वाक्य चालेल.) दुपारी चारला फोन आला. "सर, एक बोल्ट ब्रेक झालाय. जुनी गाडी आहे ना, गंजलेला होता. आता पूर्ण असेंब्ली चेंज करावी लागेल. मॅनिफोल्ड विथ कन्व्हर्टर. एस्टिमेट ४१ हजार होतंय, अप्रूव्ह करू का?"

आता बोला! बोल्ट ४० रुपयांचा. तो तुटला त्यांच्या हातून. आणि त्या बोल्टाचं भोक ज्या भागात आहे तो भाग ४१ हजारांचा, म्हणून तो मी विकत घ्यायचा. मी विचारलं, "तुटलेला तुकडा काढायचा प्रयत्न केलात का?" तर म्हणे, "सर, आम्ही वेल्डिंग-ड्रिलिंग करत नाही, कंपनी पॉलिसी आहे." पुढे विचारलं, "बरं, काढायच्या आधी गरम केला होता का?" पलीकडे शांतता. मग "सर, गन लावली होती."

गन लावली होती! या तीन शब्दांवर आजचा लेख आहे.

आपल्याकडे गंजलेल्या बोल्टाचं एकच तत्त्वज्ञान आहे: जोर लावा. घरच्या पान्याने नाही निघाला तर पान्याला दोन फुटी पाइप लावा. पाइपने नाही निघाला तर शेजारच्या पोराला बोलवा. सर्व्हिस सेंटरमध्ये त्या पोराच्या जागी हवेवर चालणारी इम्पॅक्ट गन असते, एवढाच फरक. जोर लावणाऱ्यांनी कधीतरी हिशोब करावा. १० मिलिमीटरचा, ८.८ ग्रेडचा कोरा करकरीत बोल्ट साधारण ६५ ते ७० न्यूटन-मीटरच्या पिळाला तुटू शकतो. दोन फुटी, म्हणजे ६० सेंटिमीटरच्या पाइपच्या टोकाला फक्त १२ किलोचा भार टाकलात की तेवढा पीळ तयार होतो. घरच्या सिलिंडरमधला नुसता गॅससुद्धा १४.२ किलो असतो! आणि हा झाला कोरा बोल्ट. गंजून कंबर बारीक झालेला त्याहून कितीतरी आधी जातो. गॅरेजमधली नेहमीची अर्धा इंची गन ५०० न्यूटन-मीटरच्या घरात सहज जाते. म्हणजे जोर कमी पडतोय हा प्रश्न कधी नव्हताच. जोर पहिल्यापासून गरजेपेक्षा सातपट होता.

मग बोल्ट निघत का नाही? कारण लोखंडाचा गंज मूळ लोखंडाच्या निदान दुप्पट जागा खातो. बोल्टाचे आटे आणि नटाचे आटे यांच्यामध्ये केसाएवढी फट असते, ती गंजाने ठासून भरते. मला वाटतं निम्मे लोक बोल्ट चिकटलाय असं समजतात. चिकटलेला नसतो, पाचर मारल्यासारखा आतून दाबलेला असतो. त्यात सायलेन्सरचा बोल्ट म्हणजे जन्माचा दुर्दैवी. वरून पावसाळा आणि कोकणातली खारी हवा. आतून वायू शेकडो अंश तापलेला. जस्ताचा मुलामा म्हणाल तर जस्त स्वतःच ४२० अंशांच्या आसपास वितळतं, त्यामुळे इतर बोल्टांना गंजापासून जे वाचवतं ते इथे फार दिवस टिकत नाही. आणि एक लिटर पेट्रोल जाळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं, हे किती जणांना माहीत असतं? वाफ होऊन जातं म्हणून दिसत नाही. आमच्या सासऱ्यांच्या दोन किलोमीटरच्या भाजी-मंडई फेऱ्यांत सायलेन्सर पुरता तापायचाच नाही, पाणी आतच बसायचं. वर रिंग झिजलेली, म्हणजे ओलसर धुराचा फवारा थेट त्या दोन बोल्टांवर. वर्षानुवर्षं.

हे सगळं त्या सर्व्हिस सेंटरच्या मेकॅनिकला माहीत नसेल? त्याला माझ्यापेक्षा दहापट माहीत आहे. त्याच्याकडे वेळ नाही. जॉब कार्डावर त्या कामाला अर्धा तास लिहिलेला असतो आणि गरम करणं, थांबणं, पुन्हा गरम करणं यात दीड तास जातो. गन लावली आणि निघाला तर अर्ध्या तासात काम झालं. तुटला तर गिऱ्हाईक असेंब्ली घेणार. दोन्हीकडून त्यांचं नुकसान शून्य. तुटण्याची किंमत ज्याला मोजावी लागत नाही तो सावकाश का म्हणून जाईल? आमच्या धंद्यात जो रात्री प्रॉडक्शनचा फोन उचलत नाही तो टेस्ट लिहीत नाही, तसंच हे.

असो. मी अप्रूव्ह केलं नाही. गाडी तशीच, एका बोल्टावर लटकलेली, ट्रॅक्टरच्या वरताण आवाज करत घरी आणली. सर्व्हिस सेंटरने "रिपेअर डिक्लाइन्ड बाय कस्टमर" असं लिहून माझी सही घेतली.

एका मित्राला हे सांगितलं तर तो म्हणाला, "अरे येड्या, तुझ्या तासाचा रेट काय? दोन वीकेंड घालवणार त्यात. ४१ हजार फेक आणि मोकळा हो." हा युक्तिवाद मी गेली पंधरा वर्षं ऐकतोय आणि दर वेळी तो मला जास्त खोटा वाटतो. पहिली गोष्ट, शनिवारी सकाळी मला कोणी तासाचा रेट देत नाही. दुसरी, या हिशोबाने मी पोरीला सायकलही शिकवायला नको. तिसरी आणि खरी गोष्ट अशी की ४१ हजार "फेकले" की ते भंगारात जातात. चांगला चालणारा कन्व्हर्टर, ज्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम अशा मौल्यवान धातूंचा लेप असतो, तो एका बोल्टाच्या अर्ध्या इंची तुकड्यासाठी काढून टाकायचा. कुणीतरी तो उचलून धातू काढून घेणार, पैसे त्याचे. आणि हे सगळं सासऱ्यांच्या गाडीचं. "गाडीला काय झालं होतं हो?" असं त्यांनी विचारलं तर "बाबा, बोल्ट तुटला म्हणून अर्धं इंजिन बदललं" असं सांगायचं?

तर शनिवारी सकाळी उरलेल्या बोल्टाला हात घातला. इथे एक कबुली. माझी पहिली ऊर्मी काय होती माहितीये? पाइप आणायची. आणलाही होता. मग तुटलेल्या बोल्टाकडे बघितलं आणि पाइप परत ठेवला.

कुठल्याही गंजलेल्या बोल्टाला पाना लावायच्या आधी एक प्रश्न विचारायचा असतो आणि तोच कोणी विचारत नाही: इथे वाचवायचं काय आहे? बोल्ट? बोल्ट तर ४० रुपयांचा आहे, मरू दे. वाचवायचे आहेत ते समोरचे आटे, म्हणजे बोल्ट ज्यात शिरलाय ते भोक. मागच्या सायलेन्सरच्या पट्टीवरचा आरपार बोल्ट असेल, एका बाजूला डोकं आणि दुसऱ्या बाजूला सुटा नट, तर तिथे वाचवण्यासारखं काहीच नाही. सरळ ग्राइंडर लावून कापा, पाच मिनिटांत मोकळे व्हा. तिथे लोक उगाच तासभर तेल मारत बसतात. आणि जिथे बोल्ट किंवा स्टड एखाद्या महागड्या भागात शिरलेला असतो, कन्व्हर्टरच्या पट्टीत, किंवा त्याहून वाईट म्हणजे ॲल्युमिनियमच्या सिलिंडर हेडमध्ये, तिथे हेच लोक गन लावतात. बरोब्बर उलटं!

आता तेलाबद्दल. डब्ल्यूडी-फॉर्टीचा निळा-पिवळा डबा आपल्याकडे तीर्थासारखा शिंपडतात. १९५३ साली सॅन डिएगोत ते बनवलं गेलं ते पाणी हटवायला. नावातल्या डब्ल्यूडीचा अर्थच तो आहे आणि ४० म्हणजे चाळिसावा प्रयत्न. ॲटलस क्षेपणास्त्राच्या पत्र्याला गंज चढू नये म्हणून ते वापरलं गेलं. गंज चढू नये म्हणून! चढलेल्या गंजाच्या पाचरीत शिरायला वेगळं पेनिट्रेटिंग ऑइल मिळतं, ते आदल्या रात्री मारायचं, सकाळी पुन्हा मारायचं. मी शुक्रवारी रात्री मारलं. आणि खरं सांगू? कुठल्याही तेलावर माझा फार विश्वास नाही. तेलाचा मुख्य उपयोग म्हणजे ते माणसाला एक रात्र थांबायला लावतं.

काम करते ती उष्णता. एसीवाल्याकडून त्याचा गॅस टॉर्च मागून आणला. आधी बोल्टावरचं तेल नीट पुसलं, कारण ते पेटतं. (ब्रेक क्लीनरने पुसून वर टॉर्च मारायचा विचारही करू नका. त्यातल्या क्लोरीनवाल्या प्रकारांपासून फॉस्जीन नावाचा विषारी वायू होतो.) ऑक्सिजन सेन्सरची वायर सोडवून बाजूला केली. पेट्रोलची नळी कुठून जाते ते बघितलं, बादलीभर वाळू जवळ ठेवली, गाडी जॅकवर नाही तर स्टँडवर उभी केली, चश्मा घातला. सोसायटीचे सेक्रेटरी तोवर येऊन उभे राहिले. "पार्किंगमध्ये हे काय चालवलंय?" मी म्हटलं, "काका, तुमच्या झोपेसाठीच." ते थांबले आणि पुढचे दोन तास गेलेच नाहीत.

गरम बोल्टाला करायचं नसतं, बाहेरच्या नटाला करायचं असतं. इथे तो नट कन्व्हर्टरच्या पट्टीला वेल्ड केलेला होता. ४०० अंशांनी तापला तर १० मिलिमीटरचं भोक सुमारे ०.०५ मिलिमीटरने मोठं होतं. ऐकायला चिल्लर, पण गंजाच्या पाचरीला तडा जायला पुरतं. मात्र उष्णता आत बोल्टापर्यंत पोचली की तोही फुगतो आणि फायदा संपतो. म्हणून झटपट, बाहेरून, सगळीकडून. मग टॉर्च बाजूला करून आट्यांना साधी मेणबत्ती टेकवायची. मेण वितळून आत ओढलं जातं, निवता निवता आणखी आत. देवघरातली मेणबत्ती होती, दहा रुपयांची.

त्यानंतर सहा कोनी गोटी. बारा कोनी नाही, ती डोकं गोल करते. आणि पहिला पीळ सोडण्याच्या दिशेने नाही, आवळण्याच्या दिशेने, हलकासा. हे सांगितलं की लोक वेड्यासारखं बघतात. पण आपल्याला गंज फोडायचाय, आणि तो उलट दिशेनेही फुटतो. पहिल्या वेळी काही झालं नाही. पुन्हा गरम, पुन्हा मेण. तिसऱ्या वेळी एक बारीक 'टिक्' ऐकू आलं. हा आवाज ज्याने ऐकलाय त्याला कळेल मी काय म्हणतोय. मग पाव आटा सोडला की अर्धा पाव परत आवळायचा, मेण, पुन्हा पाव सोडायचा. कर्रर्र कर्रर्र करत तो बाहेर आला. पावणेदोन तास. सेक्रेटरी काकांनी टाळी वाजवली. पूर्ण कामात मी एक फुटाच्या दांड्यापेक्षा मोठं काही वापरलं नाही.

राहिला तुटलेला. तो मला जमणारा नव्हता, आणि इथे आपली औकात ओळखणं महत्त्वाचं. बाजारात ईझी-आउट नावाचं एक हत्यार मिळतं. नावातच विनोद आहे. बोल्टात भोक पाडून ते आत पिळायचं आणि बोल्ट बाहेर ओढायचा. पण जो बोल्ट त्याच्या पूर्ण जाडीला तुटला, तो त्याच्या आत मावणाऱ्या काडीने कसा फिरेल? ती काडी कडक पोलादाची असते, कडाक्कन आत तुटते आणि मग साधं ड्रिलही चालत नाही.

नाना पेठेतल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी वाकून बघितलं, विचारलं, "कुणी तोडला?" मी सांगितलं. "गरम नाही केला?" म्हटलं नाही. एवढंच बोलणं. त्यांनी बॅटरीची वायर काढली, पाइप खाली सोडला, तुकड्याच्या तोंडावर एक नवा नट धरला आणि नटाच्या भोकातून आत वेल्डिंगचा टाका मारला. नट तुकड्याला चिकटला, आणि वेल्डिंगच्या आचेने आतला गंजही हादरला. एका दगडात दोन पक्षी. लाली जाईपर्यंत थांबले, मेणाचा तुकडा टेकवला (त्यांच्याकडे मेणबत्ती खिशात होती!), पाना लावून मागेपुढे, मागेपुढे... आला बाहेर. वीस मिनिटं. मग आट्यांतून टॅप फिरवून साफ केले. "नसता निघाला तर?" मी विचारलं. म्हणाले, "तर तो नट ड्रिल करून उडवला असता आणि आरपार बोल्ट टाकला असता, साहेब. मागून मोकळंच आहे की." म्हणजे शेवटचा उपायसुद्धा ४१ हजारांचा नव्हता, फार तर १०० रुपयांचा होता.

त्यांनी घेतले ५०० रुपये. रिंग, स्प्रिंगा आणि दोन बोल्ट मिळून ६०० च्या आत. निकेलवालं अँटी-सीझ ग्रीस मी घरून नेलं होतं, ते आट्यांना लावलं. तांब्याचंही चालतं, साधं ग्रीस मात्र तिथे जळून कोळसा होतं. आणि ग्रीस लावलेला बोल्ट पुस्तकातल्या आकड्याला आवळू नका, जास्त ताणला जातो, थोडा हात राखून.

हे ग्रीस कारखान्यात लावायला काय जातं? चिमूटभर लागतं. पण गाडी जोडताना बोल्ट एकदाच आत जातो आणि तो सुरळीत जातो. वेल्ड केलेला नट तिथे असतो कारण कामगाराला एकाच बाजूने पाना लावता यावा. जोडणाऱ्याची सोय बघितली, दहा वर्षांनी सोडवणाऱ्याची नाही. मला हे म्हणायचा फारसा अधिकार नाही, मी लिहिलेला कोड सोडवणाऱ्यांनी मला काय काय शिव्या दिल्या असतील देव जाणे. तरी म्हणतो.

आणि "असेंब्लीच बदला" हा आजार एका सेंटरचा नाही. २०१४ च्या ऑगस्टमध्ये कॉम्पिटिशन कमिशनने १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटींचा दंड ठोठावला होता. कारण सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या मेकॅनिकांपर्यंत पोचू न देणं. पुढे अपिलं झाली, ती वेगळी कथा. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक खात्याने 'राइट टू रिपेअर'साठी समिती नेमली, त्यात मोटारीही आहेत. चांगलं आहे. पण माझ्या बोल्टाला हक्काचं पोर्टल नको होतं, पाच मिनिटांची आच हवी होती.

एक मान्य करतो. पाइपच्या पत्र्याला स्क्रू-ड्रायव्हर टोचला आणि आरपार गेला, तर बोल्ट वाचवत बसू नका, बदला. गनही वाईट नाही, कमी जोरावर ठेवून मागेपुढे ठकठक केली तर ती गंज फोडायला मदतच करते. माझं भांडण न विचारता लावलेल्या गनशी आहे. बोल्ट गंजलेला आहे हे त्यांना हात लावायच्या आधी दिसत होतं. तेव्हाच फोन करून सांगायचं होतं: हा तुटू शकतो, आधी गरम करू, तुटलाच तर काढायचा प्रयत्न करू, त्याचे इतके पैसे. डॉक्टर ऑपरेशनच्या आधी सही घेतो ना? हे सही घेतात, पण नंतर!

म्हणून मागच्या आठवड्यात त्याच सेंटरला ऑइल बदलायला गाडी दिली तेव्हा जॉब कार्डावर स्वतःच्या हाताने लिहिलं: "गंजलेल्या बोल्टाला विचारल्याशिवाय इम्पॅक्ट गन लावू नये. तुटल्यास काढण्याची जबाबदारी वर्कशॉपची." काउंटरवरच्या मुलीने ते दोनदा वाचलं, आत गेली, मॅनेजरला घेऊन आली. मॅनेजर म्हणाले, "सर, असं लिहिता येत नाही." मी विचारलं, "का?" तर म्हणे सिस्टिममध्ये त्यासाठी फील्ड नाही.

फील्ड नाही! बारा वर्षं मी हेच उत्तर लोकांना देत आलोय. शेवटी त्यांनी ते 'अदर रिमार्क्स'मध्ये टाइप केलं, ६० अक्षरांत बसत नव्हतं म्हणून दुसरं वाक्य कापलं गेलं. प्रिंटआउटवर ते मी पेनाने पुन्हा लिहून घेतलं, मॅनेजरांची सही सुद्धा. सासऱ्यांना फोटो पाठवलाय. त्यांचा उलट निरोप आला की रत्नागिरीत त्यांच्या स्कूटरचा सायलेन्सरही हल्ली आवाज करतोय, पुढच्या वेळी याल तेव्हा टॉर्च घेऊन या.